तीन नंबरच्या पंपाचा आवाज

६ जुलै

चिमणे,

पाकीट उघडलं असशील तर आधी हे वाच: घरात कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही. तुझ्या वहिनीचे गुडघे तेवढे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. माझं अक्षर पाहून दचकली असशील, म्हणून आधी सांगितलं.

सतरा वर्षांत हे माझं सहावं पत्र. आधीची पाच परत आली नाहीत, म्हणजे तुला मिळाली असं मी धरून चालतो. उत्तर आलं नाही त्याची तक्रार नाही. लहानपणीही तू उगाच रुसायची नाहीस, आणि एकदा रुसलीस की आई म्हणायची, हिची गाठ सोडवायला दात लागतात.

बातमी अशी की मी हल्ली विद्यापीठात जातो. हसू नकोस. आठवीत शाळेला रामराम ठोकलेला तुझा दादा दर शनिवारी विद्यापीठाच्या फाटकातून आत शिरतो, आणि पहारेकरी उठून उभा राहतो. आपल्या दवाखान्याच्या वर्कशॉपातून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. घरातलं मोडकं सगळं दुरुस्त करून संपलं, मग मी चालत्या वस्तू उघडायला लागलो. तेव्हा तुझी वहिनी म्हणाली, "आता मला उघडून बघायच्या आत बाहेर कुठेतरी जा."

तिथे मुलांचं एक मंडळ आहे. पुढे जाऊन दवाखान्यांची यंत्रं बनवणारे इंजिनिअर व्हायचं म्हणणारी पोरंपोरी. मंडळाचं नाव इतकं लांबलचक आहे की दारावरच्या पाटीला दोन ओळी पुरल्या नाहीत. सगळे आपले 'क्लब'च म्हणतात. तळघरात एक खोली, तीन टेबलं, एक गळका नळ, आणि भिंतीला टेकवलेली इतकी मोडकी यंत्रं की चालायचं तर कोंबडीसारखं पाय उचलून चालावं लागतं.

मला तिथे नेलं ते शेजारच्या मुलीनं, ती दुसऱ्या वर्षाला आहे. सारखं 'का' विचारते म्हणून क्लबात तिचं नाव प्रश्नचिन्ह पडलंय. पोरांनी बोटाला लावायचा एक चिमटा बनवला होता. बोटातून उजेड पाठवायचा आणि रक्तात प्राणवायू किती ते वाचायचं. सगळ्यांच्या बोटांना लावला, झकास चालला. मग माझ्या बोटाला लावला. काही नाही. पडद्यावर नुसती रेघ.

त्यांच्यात एक लांब मानेचा मुलगा आहे, त्याला बगळा म्हणतात. तो म्हणाला, "काका, तुम्ही तर गेलात!"

मी म्हटलं, "मग हा चहा कुणाला देतोयस? उत्तरक्रियेचा आहे का?"

हसून झालं, पण पोरांची तोंडं उतरली. दोन महिने त्यांनी तो चिमटा एकमेकांच्या बोटांवर तपासला होता. वीस वर्षांची, मऊ, ऊबदार बोटं. चाळीस वर्षं सोल्डरिंगचे चटके खाल्लेलं माझं बोट म्हणजे चामडं, वर गारठलेलं. मी म्हटलं, "बाळांनो, दवाखान्यात तुमच्यासारखी गुबगुबीत बोटं घेऊन कोण येतं? तिथे माझ्यासारखेच येतात." त्यांची अध्यक्ष एक ठेंगणी, तुटक बोलणारी मुलगी आहे. ती म्हणाली, "काका, दर शनिवारी बोट घेऊन या." तेव्हापासून मी जातो. बोटाबरोबर उरलेलाही जातो.

त्यांची एक रीत तुला आवडेल. शनिवारी एक मेलेलं यंत्र उघडायचं. त्याला ते 'उघडणी' म्हणतात. कशानं मेलं ते वहीत लिहायचं आणि ज्यानं उघडलं त्यानं सही करायची. अध्यक्षबाईंनी भिंतीवर एक नियम लावलाय: 'माणसाची चूक' हे कारण चालणार नाही. मी विचारलं, का गं? म्हणाली, "ते कारण नाही, तो आळस आहे. माणसानं हातानं नक्की काय केलं, आणि तेव्हा ते त्याला बरोबर का वाटलं, ते लिहायचं." मला ते पटलं. मीही माझं थोडं शिकवलं. उघडलेलं यंत्र बंद केलं की एका स्क्रूवर लाल ठिपका द्यायचा, म्हणजे आपल्यानंतर कुणी हात घातला तर कळतं. तुझ्या वहिनीच्या नेलपॉलिशच्या किती बाटल्या मी दवाखान्यात संपवल्या, आठवतंय ना?

गेल्या शनिवारी दवाखान्यानं गोदाम साफ केलं आणि मोडीत काढलेली अकरा खोकी क्लबाला दिली. एकात औषधाचे सिरिंज पंप आहेत. त्यात तीन नंबरचा आहे. तोच, ज्याच्यापायी तुझा वॉर्ड गेला. 'चौकशी' असं लिहिलेला पुठ्ठ्याचा बिल्ला अजून त्याच्या गळ्यात आहे.

खोकी रचताना ते खोकं सर्वांत खाली गेलं. जड होतं म्हणून.

तब्येत जप. पायांना सूज येत असेल तर उशी घेऊन झोप. परिचारिकेला हे मी सांगावं म्हणजे कमालच, पण दादा आहे, सांगणारच.

तुझा,
दादा

२७ जुलै

चिमणे,

खोकं जड नव्हतं. चार पंप, प्रत्येक डब्याएवढा. लहान मूल उचलेल.

मागचं पत्र टाकल्यावर ते वाक्य मला खुपत राहिलं, म्हणून आधी ते लिहून टाकलं. दोन शनिवार मी दुसरीच यंत्रं पुढे केली. "हे घ्या, ह्यात शिकण्यासारखं आहे," असं म्हणून एकदा वाफेचा डबा, एकदा रक्तदाब मोजायचं यंत्र. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. तिसऱ्या शनिवारी मी जरा उशिरा पोहोचलो. वाटेत तुझ्या वहिनीचं गुडघ्याचं तेल घ्यायचं होतं. बघतो तर तीन नंबर टेबलावर, दिव्याखाली, आणि प्रश्नचिन्हाच्या हातात स्क्रू ड्रायव्हर.

बगळा बिल्ला वाचत होता. "चौकशी! कुणाची चौकशी? पंपाची?"

"पंपाची कधी होत नसते," अध्यक्षबाई म्हणाली. "उघडा."

चार स्क्रू निघाले. आत धूळ नव्हती, कारण सतरा वर्षं ते झाकण कुणी काढलंच नव्हतं. आवाजाची ती काळी टिकली असते ना, बटणाएवढी, मधे भोक असलेली. तिच्या भोकावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा होता. दुहेरी घडीचा, कडा नीट कापलेल्या. पिवळा पडला होता, पण सुटला नव्हता.

बगळा म्हणाला, "नर्सबाईंना कटकट नको असेल, लावली पट्टी."

मी तेव्हाच उभा राहिलो आणि सांगितलं. पट्टी माझी आहे म्हणून.

त्यांना जे सांगितलं ते तुलाही सांगतो, कारण हे तू माझ्या तोंडून कधी ऐकलेलं नाहीस. आमच्या वर्कशॉपात पंप टेबलावर तपासताना तो दर मिनिटाला ठणाणा करतो. नळी दाबून बघायची, बोंबलतो. सिरिंज काढायची, बोंबलतो. दिवसभरात कान किटतात. म्हणून आम्ही सगळेच भोकावर पट्टी लावायचो आणि काम झालं की काढायचो. पट्टी काढायची, मग झाकण, मग ठिपका. त्या दिवशी मी पट्टी काढायची विसरलो. झाकण लावलं, ठिपका दिला, पंप वर तुझ्या वॉर्डात पाठवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पावणेचारला त्या पंपावरच्या शिंपीदादांची नळी त्यांच्याच पाठीखाली मुडपली. रक्तदाब धरून ठेवणारं औषध अर्धा तास बंद राहिलं. पंप बोंबलला, पण तोंडात बोळा घातल्यासारखा. तू वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला ड्रेसिंगला उभी होतीस. माणूस वाचला, पण उजवा हात गेला. शिंप्याचा उजवा हात.

चौकशीत मला विचारलं, "मिस्त्री, यंत्राचा आवाज येतो का?" मी पंप वर्कशॉपात टेबलावर लावला. दार बंद, पंखा बंद. मी म्हणालो, "आवाज येतो." खोटं नव्हतं. येत होता. त्या शांत खोलीत डासाचाही आला असता. पण ऐकल्याबरोबर मला कळलं होतं की तो केवढा येतोय आणि का. त्यांनी लिहून घेतलं: आवाज येत होता, परिचारिकेनं लक्ष दिलं नाही. पंपाला बिल्ला लागला आणि तुझा वॉर्ड गेला. हेडनर्स व्हायला तुला एक वर्ष उरलं होतं. तुला कपड्यांच्या कोठारात चादरी मोजायला बसवलं. तिथे तू तीन महिने काढलेस आणि हे गाव सोडलंस.

पोरं ऐकत होती. मग मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळीच वाजवायला लागली. मला वाटलं चुकून वाजवतायत. बगळ्याचे डोळे भरले होते. अध्यक्षबाई म्हणाली, "काका, एवढं कबूल करायला धैर्य लागतं. दवाखान्याला क्लबातर्फे लिहू का?" मी म्हटलं, "माझा हात अजून मोडलेला नाही. मीच लिहितो."

लिहिलं. काल स्वतः नेऊन दिलं आणि पोच घेतली. आता तुझ्या डोक्यावरचं ओझं उतरेल. उतरायलाच हवं.

दादा

१७ ऑगस्ट

चिमणे,

जिंकलो! सोबत दवाखान्याच्या कागदाची नक्कल जोडली आहे. मूळ कागद तुझ्याच पत्त्यावर येईल, तो जपून ठेव.

नव्या अधीक्षक बाई भल्या आहेत. तरुण आहेत, पण मला खुर्ची दिली. पोरांनी काढलेले फोटो पाहिले, पट्टी पाहिली, जुनी फाइल मागवली. कागदात स्वच्छ लिहिलंय की यंत्राचा आवाज दुरुस्तीतल्या त्रुटीमुळे मंद होता आणि दुपारी तो ऐकू न येणं हा परिचारिकेचा दोष मानता येत नाही. मी तीनदा वाचलं. तुझ्या वहिनीला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती डोळे पुसत म्हणाली, "माझ्या नेलपॉलिशनं शिक्का मारलात आणि सतरा वर्षं मला पत्ता नाही." मग दिवसभर माझ्याशी बोलली नाही, पण संध्याकाळी चहा दिला. अर्धा कप.

कागदात शेवटी एक बारीकशी ओळ आहे: 'तथापि आवाज मंद असल्याची बाब परिचारिकेने वेळीच संबंधितांच्या निदर्शनास आणली असल्याचे आढळत नाही.' ती मनावर घेऊ नकोस. कचेरीच्या कागदाला शेपूट लागतंच. कोण बघतंय एवढं.

क्लबाचा वर्षाचा मेळावा पुढच्या महिन्यात आहे. पोरांनी त्या पट्टीवरून नवीनच काम काढलंय. पंपाच्या बाहेर लावायची एक डबी. आवाज खाटेपासून वीस पावलांवर पोहोचतो की नाही ते ती रोज स्वतः तपासते आणि नाही पोहोचला तर लाल दिवा लावते. बगळ्यानं दवाखान्यात जाऊन वॉर्डातला गोंगाट टिपून आणला: गाड्यांची चाकं, पंखे, खोकला, कुणाचे तरी मोठमोठ्यानं बोलणारे नातेवाईक. तो गोंगाट खोलीत लावतात आणि त्यात डबी तपासतात. तुला सांगतो, डोळे मिटून ऐकलं तर वाटतं तू आता कुणाला तरी "आवाज कमी!" म्हणून दटावशील.

मेळाव्यात ते माझा सत्कार करणार म्हणतात. मी नको म्हटलं. दोनदा. तिसऱ्यांदा म्हटलं, तुमची मर्जी.

तू यावंस असं सगळ्यांना वाटतं. मला तर वाटतंच. गाडीला उतरवायला मी येईन.

दादा

३१ ऑगस्ट

चिमणे,

तुझं पाकीट मिळालं. सतरा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. 'च' अजून तसाच, पोट पुढे काढलेला.

दवाखान्याच्या कागदाची नक्कल तू परत पाठवलीस. शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ, आणि बाजूला तीनच शब्द: 'आणि चिठ्ठीचं काय?'

पाकीट तुझ्या वहिनीनं उघडलं होतं. तिनं विचारलं, "कसली चिठ्ठी?" मी म्हटलं, चष्मा कुठे ठेवलास. चष्मा माझ्या नाकावर होता.

तीन दिवस मी पत्र लिहायला बसतोय. सुरुवात करतो आणि ती आपली अंगणातच घुटमळते, घरात शिरत नाही. आज सरळ लिहितो.

चिठ्ठी मला मिळाली होती. नळी मुडपली त्या दिवशी सकाळी अकराला वॉर्डातल्या मावशी घेऊन आल्या. मी वाचली. वर्कशॉपात आम्ही चौघे होतो. आदल्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं की मिस्त्रीच्या हातचं यंत्र पुन्हा बघायला लागत नाही. ते कौतुक अजून अंगावरून उतरलं नव्हतं. आणि चिठ्ठी कुणाची, तर माझ्या धाकट्या बहिणीची, जिला सायकल मी शिकवली. मी मावशींना म्हणालो, "सांगा बाईसाहेबांना, पंप दादानं कालच तपासलाय. आधी कान तपासून घे म्हणावं." सगळे हसले. मीही हसलो. चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात गेली.

मावशींनी निरोप जसाच्या तसा सांगितला असणार. त्या कधी शब्द गाळायच्या नाहीत.

चौकशीच्या आदल्या दिवशी मी ती चिठ्ठी फाडली. बारीक तुकडे केले आणि मोरीत सोडले. दुसऱ्या दिवशी तू समितीसमोर म्हणालीस, "मी दादाला चिठ्ठी पाठवली होती." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मला आठवत नाही." मावशींना लिहितावाचता येत नव्हतं. त्या म्हणाल्या, कागद नेला, पण कसला ते ठाऊक नाही. तू माझ्याकडे पाहिलंस. मी पंपाकडे पाहत होतो.

पट्टी विसरणं ही चूक होती. ती कुणाच्याही हातून झाली असती, म्हणून ती सांगायला मला सतरा वर्षं का लागली याचंच मला नवल वाटायचं. आता कळतं. पट्टी सांगितली असती तर मागोमाग चिठ्ठी निघाली असती. आणि परवा मी पट्टी सांगितली ती अशा बेतानं की चिठ्ठी आतच राहावी. टाळ्या मिळाल्या, खुर्ची मिळाली. आणि कागदात तुझ्या नावावर एक नवा ठपका आला, तो वाचूनही मी तुला म्हटलं, मनावर घेऊ नकोस. कोण बघतंय एवढं, असंही म्हटलं. तू बघत होतीस.

अजून एक. मी उभा राहिलो आणि आपणहून सांगितलं असं तुला लिहिलं होतं. तसं नाही घडलं. बगळा 'नर्सबाई' म्हणाल्यावर मी गप्पच होतो. प्रश्नचिन्हानं झाकण पालथं केलं, स्क्रूवरचा लाल ठिपका पाहिला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "काका, हा ठिपका तुमचा ना? मग तुमच्यानंतर हे कुणी उघडलेलंच नाही." तेव्हा मी उभा राहिलो.

तुझ्या वहिनीला आज दुपारी सगळं सांगितलं. ती काही वेळ गुडघे दाबत बसली. मग म्हणाली, "सतरा वर्षं मी तिला गर्विष्ठ म्हणत आले. आईंच्या दिवसांना आली आणि तुमच्याशी न बोलता गेली, तेव्हा बाहेर चार बायकांत म्हणाले मी." पुढे म्हणाली, "मला तिच्यासमोर उभं करू नका आता." आज चहा नाही.

सोमवारी दवाखान्यात जातो. शनिवारी क्लबात.

दादा

८ सप्टेंबर

चिमणे,

दोन्ही कामं झाली. कशी झाली ते जसंच्या तसं लिहितो.

अधीक्षक बाईंनी या वेळी खुर्ची दिली, पण स्वतः उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "चौकशीत खोटं सांगितलंत हे तुम्ही लेखी देताय, याचा अर्थ कळतोय ना?" मी म्हटलं, "अर्थ कळायला वेळ लागला, बाई, पण कळलाय." माझ्यावर काय करायचं ते त्यांची समिती ठरवील. मी कुणाला रदबदली करायला सांगितलेलं नाही आणि तूही करू नकोस. करणार नाहीसच म्हणा. ती शेवटची ओळ कागदातून निघेल. तिच्या जागी असं येईल की परिचारिकेनं त्याच दिवशी सकाळी अकराला लेखी कळवलं होतं आणि दुरुस्ती करणाऱ्यानं ते जाणूनबुजून दडवलं. 'जाणूनबुजून' हा शब्द त्यांच्या मसुद्यात नव्हता. मी घालायला लावला.

मग काल क्लब. मी म्हटलं, आज उघडणी माझी आहे. सगळे हसून गोल करून बसले. मी चिठ्ठीपासून सुरू केलं. मावशींना काय निरोप दिला ते प्रश्नचिन्हानं विचारलं. मी सांगितलं: आधी कान तपासून घे म्हणावं.

बगळा हसला. माझ्या बोलण्यावर हसायची सवयच झालीय त्याला. हसू बाहेर पडल्यावर त्याच्या ध्यानात आलं आणि तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, "तुझं चुकलं नाही रे. तेव्हाही असेच हसले होते. त्यासाठीच तर बोललो होतो मी."

टाळ्या नाहीत. अध्यक्षबाईनं उघडणीची वही पुढे ओढली. नंतर म्हणाली, "मागच्या वेळी आम्ही टाळ्या वाजवल्या, त्या चुकल्या."

मी म्हटलं, "वाजवल्या ते नाही चुकलं. मी घेतल्या ते चुकलं."

सत्कार रद्द झाला. तिनं ते माझ्या तोंडावर सांगितलं, आडून आडून नाही. मला ती पोर आवडते ती याचसाठी. पुढच्या शनिवारी येऊ की नको असं मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. खोलीबाहेर पडताना प्रश्नचिन्ह जिन्यापर्यंत आली. म्हणाली, "काका, त्यांना एवढं तरी सांगाल का, की आमच्या डबीवर आम्ही एक बटण वाढवलंय? आवाज कमी वाटला की नर्सनं दाबायचं. दाबल्याची वेळ आत नोंदली जाते. दुरुस्तीवाल्याला ती पुसता येत नाही." सांगतो म्हटलं. सांगितलं.

तू यावंस असं मागच्या वेळी लिहिलं होतं, ते मागे घेतो. तुला यायचं असेल तर वाट तुला ठाऊक आहे. यायचं नसेल तर त्याची तुझ्याकडे पुरेशी कारणं आहेत आणि ती आता कागदावर आहेत. माफी मागायला मी लिहीत नाही. मागितली की ती द्यायची की नाही हे काम तुझ्यावर पडतं, आणि माझ्यापायी तुझ्यावर पडलेली कामं खूप झाली.

एकच काम सांगतो, तेही जमलं तर. अधीक्षक बाईंनी विचारलं, चिठ्ठीत नक्की काय लिहिलं होतं. तुकडे मोरीत गेले, पण चिठ्ठी काही गेली नाही. सतरा वर्षं मला ती पाठ आहे. जशी आठवते तशी मी त्यांना लिहून दिली, तशीच खाली उतरवतो. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला असेल तर त्यावर रेघ मार आणि कागद परत धाड. मी जाऊन तिथे तसा बदल करून घेईन. खाली तू नाव लिहिलं नव्हतंस. अक्षर मी ओळखीन असं तू धरून चालली होतीस.

'दादा, तीन नंबरच्या पंपाचा आवाज बसलाय. मी जवळ असले की ऐकू येतो, त्या टोकाच्या खाटांकडे गेले की नाही. आज दुपारच्या आत येऊन बघ. मला भीती वाटते.'